सूर्यास्ताआधीचा ठराव

आमच्या नागोळी गावात माणसं भांडत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बांधावरून भांडतात, पाण्याच्या पाळीवरून भांडतात, लग्नात वरणात मीठ कमी पडलं म्हणूनसुद्धा भांडतात. फक्त पाणीपुरवठा संस्थेच्या सभेत भांडत नाहीत. तिथं चेअरमन रावसाहेब खोत चष्मा नाकावर चढवून "विषय क्रमांक एक..." एवढं म्हणतात, की पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज येतो, "मंजूर!" आणि मग मागचा अख्खा मांडव, "मंजूर, मंजूर!" विषय काय होता हे विचारायची पद्धतच नाही.

तो पहिला आवाज माझ्या वडिलांचा. भूपाल मगदूम, सगळ्या गावाचे अण्णा. आयुष्यात कधी कुठल्या पदावर नव्हते, पण सभेतली ती खुर्ची त्यांची. एका वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ते आले नाहीत, तर रावसाहेबांनी विषय वाचला आणि सगळा मांडव एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी कुणीतरी अण्णांना फोन लावला आणि त्यांनी दवाखान्यातून मंजूर म्हटलं. ही थट्टा नाही, खरंच झालंय.

ह्या घाईचं कारण साधं आहे. गावात निम्म्याहून जास्त घरं आम्हा जैनांची, आणि आमची जुनी माणसं दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नाहीत. सकाळी सगळे रानात असतात, म्हणून सभा ऊन कलल्यावर. सभेनंतर जेवण. ते मावळतीच्या आत व्हायला हवं. मांडवामागे मसालेभाताची डेग उतरली, जिलेबीचा वास आला, की कुठला अहवाल आणि कुठलं इतिवृत्त! बाकीच्या समाजाची माणसं कधीही जेवतात, पण त्यांनाही आता ह्याच चालीची सवय झालीय.

त्या वर्षी जानेवारीतल्या विशेष सभेत एक विषय मला मांडायचा होता. तो नुसता मंजूर होऊन चालणार नव्हता. तो पटला नसता तर आमच्या गावाची खालची अर्धी जमीन कायमची गेली असती.

मी त्रिशला. जिल्ह्याच्या माती परीक्षण केंद्रात काम करते. माती तपासते म्हणून माहेरी मला "मातीवाली" म्हणतात. म्हणू देत.

जमीन कशी मरते ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे नदीचं पाणी उपसून उसाला देतात, आणि देतात म्हणजे ओततात. काळ्या जमिनीत ते झिरपायला वेळ लागतो. वर्षानुवर्षं ओतलं, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येते आणि खालचे क्षार बरोबर घेऊन येते. वर आल्यावर ऊन लागून पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. मग एके दिवशी रानात पांढरी साय दिसते. "मीठ फुटलं," म्हणतात आमच्याकडे. त्यानंतर ऊस खुरटतो, मग गवत, मग काहीच नाही.

उपाय आहे. जमिनीत खोल चर खणून भोकं असलेले पाइप पुरायचे. जादा पाणी पाइपात उतरतं, क्षार धुऊन नेतं, उताराने बाहेर पडतं. पण हे एकट्याच्या रानात जमत नाही. पाइप सगळ्यांच्या रानातून जातो, पहिली दोन वर्षं उसाचं पाणी तोडून, मोजकंच द्यावं लागतं, आणि एकाने जरी चर अडवला तरी त्याच्या वरच्यांचं सगळं तुंबतं. शिवाय आमचा ओढा गाळाने भरून वर आलाय, आणि नदीचे पूर आता लांबत चाललेत, त्यामुळे पाइपातलं पाणी ओढ्यात आपसूक पडत नाही. सगळ्यात खालच्या रानात तळं करून तिथून ते पंपाने उपसायला लागतं. ज्याच्या रानात तळं, त्याचं रान संपलं. सगळ्या गावाचं मीठ त्याच्या पदरात.

सगळ्यात खालचं रान अण्णांचं होतं.

"पूर्वसभा लाव ना," माझा नवरा म्हणाला. "उगाच डोकं कशाला फोडून घेतेस?"

अभिनंदन विम्याच्या धंद्यात आहे, आणि त्या धंद्यात आता पूर्वसभेशिवाय कुणी तोंड उघडत नाही. खरं म्हणजे कुठेच उघडत नाही. डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी ती लावतात, मुलीकडचे बैठकीला जाण्याआधी लावतात, आणि शेजारचा पोरगा बापाकडे गाडी मागण्याआधी लावतो.

हे यंत्र मन वाचत नाही. लोकांना उगाच तसं वाटतं. एखादा माणूस ऐकताना कसा वागतो, कुठं खुर्चीत चुळबुळतो, कुठं मध्येच बोलतो, कुठल्या शब्दाला मान हलवतो, हे त्याच्या जुन्या चित्रणांवरून ते शिकतं आणि त्या माणसाचा एक प्रतिश्रोता तयार करतं. आवाजसुद्धा त्याचाच. असे शेकडो प्रतिश्रोते एकत्र बसवले, कोण कुणाच्या तोंडाकडे बघून मत बनवतो तेही जोडलं, की पडद्यावर तुमची सभा तयार. तिच्यासमोर भाषण करायचं. कुठं ऐकणारे गळाले ते यंत्र दाखवतं, मग मुद्दे खालीवर करून देतं. पुन्हा बोलायचं, पुन्हा खालीवर. सगळे होय म्हणेपर्यंत.

आमच्या घरी त्यामुळे दोन वर्षांत भांडण झालं नव्हतं. मुलीला साताऱ्याच्या वसतिगृहात ठेवायचं अभिनंदनने माझ्यासमोर इतकं सुरेख मांडलं, की त्याचं वाक्य संपायच्या आत मी होय म्हणाले. ती गेल्यावर तिच्या रिकाम्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला प्रश्न पडला, मी होय का म्हणाले? मग कळलं, तो आधी माझ्या प्रतिश्रोत्यासमोर सराव करून आला होता. मी रागावलेसुद्धा नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? सासूबाईंना आमच्याकडे आणायचा विषय मीही त्याच्या प्रतिश्रोत्यासमोर घोटूनच काढला होता.

तर मी पूर्वसभा लावली. संस्थेने गेल्या कित्येक सभांची चित्रणं जपून ठेवलेली, ती रावसाहेबांनी आनंदाने दिली. माझा पहिला आराखडा शाळेतल्या बाईसारखा होता. आधी माती, मग मीठ, मग पाइप, मग तळं, शेवटी ठराव. यंत्राने तो बघितला आणि उलटापालटा करून दिला. आधी शेजारच्या तालुक्यातलं सुधारलेलं हिरवं रान दाखवा. मग आपलं पांढरं. मग लगेच ठराव. पाइपाचा नकाशा ठरावानंतर, आणि तळ्याचा गट नंबर परिशिष्टात, शेवटच्या पानावर. खाली दोन सूचना होत्या. "भूपाल मगदूम यांना पहिल्या रांगेत बसवा." आणि "ठराव सूर्यास्ताच्या जेवढा जवळ ठेवता येईल तेवढा ठेवा."

एकमताने मंजूर होणार, असा अंदाज आला.

मला केवढं हायसं वाटलं! अण्णांना तोंडावर काही सांगायची वेळच येणार नव्हती. ते सवयीने मंजूर म्हणतील, ठराव होईल, मग पान उलटताना कधीतरी त्यांना कळेल. तेव्हाचं तेव्हा बघू. मी स्वतःला असंही समजावलं, की गावाच्या भल्यासाठीच तर चाललंय.

दोन दिवसांनी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी मांडणी पक्की करत होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, आणि उठता उठता चुकून कोरीच फाइल पूर्वसभेला लावली. तिच्यात शीर्षक नाही, चित्र नाही, एक अक्षर नाही. मी गॅस बारीक करते तोवर मागून अण्णांचा आवाज आला, "मंजूर!" आणि पाठोपाठ सगळा मांडव.

मला आधी हसूच फुटलं. एकटीच हसत सुटले. मग म्हटलं, बघू तरी. आईची शेंगदाण्याच्या चटणीची कृती लावली. मंजूर. मुलीचं जुनं भूगोलाचं प्रगतिपुस्तक लावलं. मंजूर. मग मी हाताने टाइप केलं, "गावातील सर्व सभासदांनी आपापल्या रानात दरवर्षी मीठ पसरावे." अण्णांच्या आवाजात जरासुद्धा फरक नव्हता.

त्यावर हसू आलं नाही.

म्हणजे यंत्राने काय शिकून घेतलं होतं? आमच्या सभांमध्ये जे होतं तेच. त्याला जेवणाचं ठाऊक नव्हतं, मावळतीनंतर न जेवण्याच्या चौविहाराचं ठाऊक नव्हतं. दिवस कलला की होकार वाढतात, एवढं त्याने बरोबर पकडलं होतं, आणि त्यालाच ते पटणं समजत होतं. माझ्या आराखड्याला मिळालेलं एकमत भुकेचं होतं.

आणि आमच्या गावात नाही म्हणतात कुठं, हे मी विसरले कशी? गावाच्या पश्चिमेला एक रस्ता आहे, त्याला सगळे "मंजूर रस्ता" म्हणतात. सभेत एकमताने झालेला. तो शीतल नांद्रेंच्या कुंपणापर्यंत जातो आणि थांबतो. जेसीबी आला त्या सकाळी शीतलदादा कुंपणात आडवे झाले, आणि आजतागायत तो रस्ता तिथंच आहे. आमच्याकडे होय मांडवात म्हणतात आणि नाही रानात. माझा चर तर सगळ्यांच्याच रानातून जाणार होता.

संध्याकाळी अभिनंदनला सांगितलं. तो म्हणाला, "मग यंत्राला वेगळी माहिती दे. घरोघर जाऊन बोलणं रेकॉर्ड कर, नवे प्रतिश्रोते बनव."

"आणि घरोघर जाऊन बोलणारच असेन," मी म्हटलं, "तर त्यांच्याशीच का बोलू नये?"

माझ्याकडे हिंमत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी मी नागोळीला गेले.

अण्णा खालच्या रानातच होते. एका कोपऱ्यात उकिडवे बसलेले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आलीस व्हय? ये, ये. हे बघ तरी, मातीवाली. औंदा गवत आलंय."

पांढऱ्या पट्ट्यात हाताएवढं हिरवं गवत होतं. त्यांनी त्या तुकड्यात काय काय ओतलं होतं! शेणखत, जिप्सम, ताग गाडला, पावसाचं पाणी साठवून धुतलं. मला मात्र ते गवत ओळखीचं होतं. ते खाऱ्या जमिनीतच येतं. रान सुधारतंय म्हणून नव्हे, दुसरं काही जगत नाही म्हणून ते आलं होतं.

"अण्णा, त्या पाइपांच्या योजनेचं पाणी कुठंतरी काढावं लागणार."

"वड्यात काढा की."

"ओढा वर आलाय. पाइप त्याच्या खाली पडतात. मध्ये तळं करावं लागणार, आणि तिथून पंपाने उपसायचं."

"मग करा तळं. नगं कोण म्हटलंय?"

"इथं करावं लागणार."

ते गवताकडेच बघत होते. "इथं म्हंजे?"

"ह्या तुकड्यात. आणि मग हे रान परत पिकणार नाही. कधीच." थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आणि हे गवत, अण्णा, हे मिठातलंच गवत आहे."

त्यांनी गवताचं एक पातं खुडलं. मग विचारलं, "तुझ्या त्या नकाशात हाय हे?"

"आहे."

"कितव्या पानावर?"

खोटं बोलता आलं असतं. "शेवटच्या."

"मंजुरीच्या आधी का मागनं?"

"मागनं."

अण्णा उठले. धोतराला हात पुसले. "म्हंजे माझ्याच तोंडानं मंजूर म्हणवून घ्यायचं आन् माझंच रान बुडवायचं. बाहेरच्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या. तुला काय म्हणू गं मी?"

"अण्णा..."

"न्हाई. माझं रान मिळायचं न्हाई. लिहून घे आन् सांग तुझ्या मशिनीला."

ते तरातरा निघून गेले. मी त्या पांढऱ्या मातीत उभी राहून रडले, सांगायला लाज कसली. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुटल्यासारखंही वाटत होतं. यंत्रातले अण्णा मिठाच्या ठरावालाही हो म्हणत होते. हे माझे होते, आणि ते नाही म्हणत होते.

घरी आईने मला गाठलं. "काय बोललीस त्यास्नी? आल्यापासनं गप हाईत. ताट तसंच पडलंय."

मी सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही. "रानाचं दुःख हाय, पर त्याचं एवढं न्हाई," ती म्हणाली. "शेवटच्या पानाचं हाय."

त्या रात्रीच मी आराखडा मोडला. सकाळी निघताना अण्णांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून म्हटलं, "सभेत पहिल्या पानावर तुमचं रान घेणार आहे. नाही म्हणायचं असेल तर तिथं म्हणा, सगळ्यांसमोर." रावसाहेबांना फोन करून सभा सकाळी घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, "खुळी का काय? उसाच्या तोडी चालू हाईत, कुत्रं तरी येईल का?"

नवी मांडणी मी पूर्वसभेला दाखवली नाही. अभिनंदन म्हणाला, "निदान अंदाज तरी घे." मी म्हटलं, "नको." किती पानं करावीत, कुठं थांबावं, काही कळेना. शेवटी प्रत्येक पानावर एकेक रान ठेवलं आणि त्याखाली दोनच ओळी. ह्या रानाचं काय जाणार, ह्या रानाला काय मिळणार. आकर्षक बिकर्षक काही नव्हतं त्यात.

सभेच्या दिवशी अण्णा येतील का हीच मला धास्ती होती. ते आले. आपल्या खुर्चीत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

रावसाहेबांनी चष्मा चढवला. "विषय क्रमांक एक. निचरा योजना." आणि थांबले. दरवेळी इथं थांबायची वेळच येत नसे. मांडव शांत होता. सगळे अण्णांच्या मानेकडे बघत होते.

"अण्णा?" रावसाहेब माइकमध्ये हळूच म्हणाले.

"ऐकू दे की आधी," अण्णा म्हणाले.

मी पहिलं पान लावलं. मागून कुजबुज झाली, "हे तर अण्णांचं रान!" मी सांगितलं, तळं इथं होणार, हे रान जाणार. पुढचं पान लावणार तोच अण्णा उभे राहिले.

"माझ्याच रानात का?"

"ते सगळ्यात खाली आहे म्हणून."

"मी न्हाई म्हटलं तर?"

"तर योजना होत नाही. आज मीठ तुमच्या रानात आहे. मग ते वर सरकेल. नांद्रेंकडे, मग खोतांकडे, मग शाळेपर्यंत."

"आन् व्हय म्हटलं तर माझं जातंय."

"जातंय."

"परत मिळणार न्हाई."

"नाही, अण्णा."

जुन्या मांडणीत ह्या जागी त्यागाबद्दल एक झकास वाक्य होतं. ते माझ्या ओठांवर आलंही. मी गिळलं. अण्णा खाली बसले, आणि मांडवात कुणाला काय करावं सुचेना.

मग शीतल नांद्रे उठले. "मला बी इचारायचंय. माझ्या रानातनं पाइप कुठनं जातोय ते आत्ता दाखवा. मागनं न्हाई."

मी दाखवलं. मग बिरू पुजारी उठला, त्याची मेंढरं आहेत. "ते खारं पाणी माझ्या मेंढरांनी पिलं तर?" हा प्रश्न माझ्या कुठल्याच आराखड्यात नव्हता. "मरतील," मी म्हटलं. "तळ्याला कुंपण घालावं लागेल. माझ्या डोक्यात आलं नव्हतं." तो "मग लिहा की!" म्हणाला, आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं.

त्यानंतर काही विचारू नका. दोन वर्षं पाणी तोडलं तर उसाचं काय, पंपाचं वीजबिल कुणी भरायचं, वरच्या आळीने काय म्हणून द्यायचं, खालच्यांनीच एवढं पाणी ओतलं का, आणि तुझ्या आज्याने माझ्या आज्याचा बांध कसा कोरला होता इथपर्यंत. आरडाओरडा, हातवारे. रावसाहेब माइकवर "शांतता, शांतता" करून थकले. बांधावरची सगळी भांडणं पहिल्यांदा मांडवात आली होती.

आचारी दोनदा येऊन बघून गेला. ऊन तांबूस झालं. म्हाताऱ्या माणसांच्या नजरा पश्चिमेकडे जायला लागल्या. रावसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मंडळी, दिवस मावळालाय. जेवून घेऊया, बाकीचं..."

"तुम्ही जेवा," अण्णा म्हणाले. "माझं बोलणं राहिलंय."

कुणी उठलं नाही. खरंच कुणी उठलं नाही. साखर कारखान्याच्या धुराड्यामागे सूर्य गेला, मांडवातले दिवे लागले, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं त्या दिवसाचं जेवण बुडालं. उपाशी राहून ही माणसं माझ्या पाइपांवर भांडत होती.

अण्णा उभे राहिले. "रान जातंय म्हणून मी बोलत न्हाई. जाईल. पर मला इचारून जाऊ दे. एवढी वर्षं मी मंजूर म्हटलं, तुम्ही माझ्या मागनं म्हटलं. कुणाचं काय गेलं त्यात, मी कधी बघितलं न्हाई." ते शीतलदादांकडे वळले. "तुझ्या रस्त्याला बी पहिलं मंजूर मीच म्हटलं हुतं."

शीतलदादा जागेवर घुटमळले. "मला त्या वक्ताला कुणी इचारलं न्हवतं, अण्णा. सगळी म्हणाली, मी बी म्हणालो. घरी जाऊन ताटावर बसलो तवा ध्यानात आलं, माझं कुंपण गेलं म्हणून." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ते तळं निम्मं माझ्यात बसंल का? माझा खालचा कोपरा अण्णांच्या बांधाला लागूनच हाय."

मी नकाशा मोठा केला. उतार बघितला, पुन्हा बघितला. "पाइप थोडा वळवला तर बसेल," मी म्हटलं. "मग अण्णांचं वरचं निम्मं रान राहतं. आणि पाणी खाली गेलं, की ते सुधारूही शकतं. नक्की सांगत नाही, पण शकतं."

सगळं गोड झालं असं नाही. वरच्या आळीतले दोघेजण रागाने उठून गेले, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या रानापुढे आमचा चर आजही थांबलेला आहे. पण बाकीची माणसं एकेक करून पडद्याजवळ आली, आपापलं रान बोटाने दाखवून काय ते बोलून गेली. शेवटी रावसाहेब दमून म्हणाले, "मग अण्णा, आता तरी म्हणा की. इतिवृत्तात काय लिहू मी?"

"म्हणायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी चर खणायचं मशीन आणा. मी रानात असतो."

रात्री मला न्यायला आलेल्या अभिनंदनने गाडीत कबूल केलं, की माझ्या पाठीमागे त्याने नवी मांडणी पूर्वसभेला दाखवली होती. सभा फसणार, असा अंदाज आला होता. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "तू नको म्हणाली होतीस," तो म्हणाला. मग मुलीला वसतिगृहात ठेवल्यावरून आम्ही घर येईपर्यंत मनसोक्त भांडलो. फार बरं वाटलं.

उन्हाळा संपता संपता पाइपातून पहिलं पाणी आलं. तांबूस, फेसाळ. अण्णांच्या उरलेल्या रानाच्या कडेला उभं राहून अख्खं गाव ते बघत होतं. अण्णांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट हाय," ते म्हणाले, आणि तळ्याकडे पाठ फिरवून डोळे पुसले. त्या तुकड्यात त्यांनी आयुष्य घातलं होतं. मला जवळ जाऊन काही बोलायचं होतं, पण आजूबाजूला माणसं होती.

घरी आल्यावर आई चहा टाकत होती. मी उगाच संगणक उघडला. त्या सभेचं चित्रण मी पूर्वसभेला देऊन ठेवलं होतं. काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तीच कोरी फाइल लावली.

पडद्यावरचा मांडव गप्प राहिला. कुणी मंजूर म्हणेना. मला वाटलं बिघडलं. मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "त्रिशला, तू अजून काय बोललीच न्हाईस."

पलंगावर टेकलेले अण्णा दचकून उठले. "कोण गं हे?"

"तुम्हीच आहात, अण्णा."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटच्या पानाबद्दल मी अजून त्यांची माफी मागितली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"मग बोल की," अण्णा म्हणाले.

माझी कसलीच तयारी नव्हती. आधी काय, मागनं काय, काही ठरवलेलं नव्हतं. मी संगणक मिटला आणि बोलायला लागले.